पाढ्यांचा झिम्मा

बंगळूरचा श्रावणातला पाऊस कोसळत नाही, रेंगाळतो. छत्री उघडावी तर तो थांबतो, मिटावी तर पुन्हा सुरू होतो. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओलसर राहतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि माणसं उगाचच खिडकीपाशी येऊन उभी राहतात. माझ्या लहानपणी बसवनगुडीत असंच होतं, आणि आता व्हाइटफील्डला मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरातही असंच आहे. या शहरानं माझ्या डोळ्यांदेखत बाकी सगळं बदललं, हे एक तेवढं राहू दिलं.

यंदा श्रावणाच्या तोंडावर माझा उजवा खांदा धरला. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. डॉक्टर म्हणाले, वय झालं, व्यायाम करा. या वयात आणि या पावसात मी कुठे व्यायामाला जाणार? पण माझी सून रेवती हुशार आहे. ती पुण्याची, घरूनच ऑफिसचं काम करते, आणि कुठल्याही अडचणीवर तिच्या फोनमध्ये उपाय असतो. "आई, हे बघा, अगदी बिगिनर्ससाठी आहे. घरच्या घरी, काही विकत आणायला नको, आणि फन आहे," ती म्हणाली. फोनमध्ये एक काटकुळी मुलगी रबरी चटईवर उड्या मारत होती आणि व्यायामात किती मजा असते ते ओरडून सांगत होती. मजा असेल तर एवढं ओरडावं का लागतं, हे मी सुनेला विचारलं नाही. सासूनं काही प्रश्न गिळायचे असतात.

मग त्या मुलीनं भिंतीपाशी उभं राहून दोन बोटं भिंतीवर टेकवली आणि एकामागून एक सरकवत वर चढवायला सुरुवात केली. मी चष्मा सरळ केला. हा व्यायाम माझ्या ओळखीचा होता, अक्काचा. बोटं भिंतीवर चढताना पाहिली आणि चुन्याचा वास आला, खरंच आला, अकराव्या मजल्यावर, जिथे भिंतींना चुना कधी लागलेलाच नाही.

अक्का म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. कानडी मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत 'आत्या' म्हणण्यापेक्षा अक्काच तोंडात बसलेलं. अण्णा तिला अक्का म्हणत, आई म्हणे, म्हणून मीही म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली होती. आजोबांनी तिला परीक्षांना बसवलं, आणि ती आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून असलेल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली. शाळेत कानडीतून, घरी मला मराठीतून. माझ्या आठवणीतली अक्का फिकट काठाच्या लुगड्यातली, कपाळ मोकळं, हातात लांब काळी छत्री आणि बोटांना खडूचा वास असलेली आहे. रस्त्यानं जाताना ती मान खाली घालून चाले. शाळेचं फाटक आलं की मान वर व्हायची. मी तिच्यामागून शाळेला जात असे, त्यामुळे ही मान वर होण्याची जागा मला नेमकी माहीत होती. फाटकाजवळच्या गुलमोहरापाशी.

पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी मे महिन्यात वळवाची एक सर येऊन गेली आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून अक्का घसरली. उजव्या दंडाचं हाड खांद्याशी मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात बांधलेला. तो सोडला तेव्हा हाड जुळलं होतं, पण खांदा धरून बसला होता. हात कमरेच्या वर थोडासा उचलायचा आणि तिथेच अडायचा.

बाजाराच्या टोकाला दवाखाना असलेले म्हातारे कानडी डॉक्टर अक्काला म्हणाले, "कै एत्ती, अम्मा." म्हणजे हात वर करा. अक्कानं केला. "स्वल्प मेले," अजून थोडा वर. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, मोठ्या इस्पितळात दोरी आणि चाकाचं यंत्र आहे, आठवड्यातून तीनदा तिथे जायला हवं. दोन बसगाड्या बदलून, पावसात, एकटीनं, आणि वर त्याचा खर्च. अण्णांनी मान डोलावली, पण ते आम्हांला जमणारं नव्हतं हे डॉक्टरांनाही कळलं असावं. ते म्हणाले, मग घरातच करा. काहीही करा, पण रोज करा. हा हात दोन-तीन महिन्यांत वर गेला नाही तर मग जायचा नाही.

शाळेच्या मोठ्या बाई भल्या होत्या. त्यांनी अक्काला दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत रजा दिली. पण सुट्टीनंतर फळ्यावर लिहिता आलं पाहिजे, एवढं त्यांनी सांगितलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ती शाळा पूर्वी मुलग्यांची होती. उंच मास्तरांच्या सोयीनं फळे भिंतीत वर बसवलेले. खाली लिहिलेलं मागच्या बाकावरून दिसत नसे. अक्कानं डाव्या हातानं लिहून पाहिलं. माझ्या पाटीवर तिनं डाव्या हातानं एक ते दहा काढले आणि ते माझ्या आकड्यांहूनही वेडेवाकडे आले. मी हसले. ती हसली नाही. तिनं ओल्या फडक्यानं पाटी स्वच्छ पुसली आणि आत निघून गेली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग अण्णांनी एक काम केलं. ते ऑफिसात कारकून होते, मोजून मापून जगणारे. एका संध्याकाळी ते शाळेत गेले, फळ्यावरच्या पहिल्या ओळीची जमिनीपासूनची उंची सुतळीनं मोजली, सुतळीला गाठ मारली आणि ती खिशात घालून घरी आले. आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर त्या गाठीच्या उंचीला त्यांनी ऑफिसातल्या लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकानं एक आडवी रेघ ओढली. "अक्का, इथपर्यंत," ते म्हणाले. मग अक्कानं भिंतीवर बोटं चढवली, आणि जिथे ती थांबली तिथे त्यांनी निळी रेघ ओढली. दोन रेघांच्या मध्ये केवढीतरी भिंत होती. इतर घरांत दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मांडतात. आमच्या घरी अडतीस वर्षांच्या बाईची मांडली जाऊ लागली.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. अक्का सकाळ-संध्याकाळ भिंतीपाशी उभी राही, ओठ घट्ट मिटून बोटं चढवी आणि निळी रेघ कालच्याच रेघेवर पडे. आईनं तिला ताकाची रवी दिली. घुसळण्यात कोपर हलतं, खांदा नाही. मग माझ्या पाळण्याची जुनी कडी आढ्याला होती, तिला अण्णांनी विहिरीची एक कप्पी अडकवली आणि दोरी सोडली. एक टोक डाव्या हातानं ओढायचं, दुसरं उजव्या हाताला वर नेईल. कप्पी एवढी कुरकुरली की खालचे घरमालक छत्री घेऊन वर आले आणि त्यांनी कानडीत विचारलं, "माडीवर विहीर खणलीत की काय?" अण्णांनी कप्पीला एरंडेल घातलं. कुरकुर गेली, पण अक्काचा उत्साहही त्याच सुमाराला गेला. ती दोरी ओढी ती शिक्षा भोगल्यासारखी. वर्गात गणित चुकलेल्या मुलीला ती कधी उभी करत नसे, पण स्वतःला मात्र तिनं तसं उभं केलं होतं.

मला वाटतं, व्यायामाचं सगळं दुखणं इथेच आहे. एकट्यानं भिंतीशी तोंड करून काहीही केलं तर ते औषध होतं, आणि औषध माणूस चुकवतोच. रेवतीच्या फोनमधली ती मुलगी एवढी का ओरडते, ते हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय. ती बिचारीही खोलीत एकटीच आहे.

श्रावण लागला. आमच्या नात्यात मोठ्या काकू म्हणून एक होत्या, आजोबांच्या चुलतभावाची बायको. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान आणि दुकानावर घर. बंगळुरातल्या आमच्या पाच-सहा घरांत कुणाची मुंज कधी, कुणाचं डोहाळजेवण कसं, हे त्या ठरवत. त्यांची नात नलू हिचं वैशाखात लग्न झालं होतं आणि श्रावणातल्या तिसऱ्या मंगळवारी तिची पहिली मंगळागौर आमच्याकडे करायची ठरली. चिकपेटेतल्या खोल्या कोंदट, आमचा हॉल लांबरुंद. नवी नवरी मंगळागौर पुजते, आणि मग सुवासिनी आणि मुली झिम्मा-फुगड्या खेळून देवीचं जागरण करतात. रीत रात्रीची, पण खाली घरमालक आठाला झोपत, म्हणून आमच्याकडची जागरणं दुपारी तीनला सुरू होऊन दिवेलागणीला संपत. देवीची याबद्दल कधी तक्रार आली नाही.

त्या दिवसासाठी मी आणि समोरच्या घरातली शारदा मधल्या खोलीत झिम्म्याचा सराव करत होतो. समोरासमोर उभं राहून टाळ्या द्यायच्या, गिरकी घ्यायची, पुन्हा टाळी. आमची टाळी सारखी हुकत होती. अक्का कोपऱ्यात कप्पीची दोरी धरून बसली होती, ओढत मात्र नव्हती.

"गिरकीच्या आधी टाळी देताय," ती अचानक म्हणाली. "गिरकी घेऊन मग द्या की."

आम्ही केलं. पुन्हा हुकलं.

"तसं नव्हे." ती उठली. शारदाला तिनं बाजूला केलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिची पावलं हलली आणि मी बघतच राहिले. मी तिला चालताना, उभी राहताना, वाकताना पाहिलं होतं. तिची पावलं अशी हलकी पडताना कधी पाहिली नव्हती. तीन टाळ्या झाल्या. चौथ्या टाळीला तिला एकाएकी आपण काय करतोय ते कळलं आणि ती थांबली. दारात आई उभी होती.

"सवयीनं झालं," अक्का म्हणाली. चोरी सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. एकोणीस वर्षांपूर्वीची सवय होती ती. मोठ्या काकू पुढे आईला सांगत, लग्नाआधी आमच्या घरांत अक्कासारखी झिम्मा खेळणारी मुलगी नव्हती.

आई आत येऊन तिच्याजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "अक्का, आत्ता हात कुठवर गेला होता, बघितलंत का?"

अक्कानं बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. शेवटची टाळी तिच्या छातीशी झाली होती. भिंतीवरची निळी रेघ त्याच्या चांगली वीतभर खाली होती.

"उद्यापासून झिम्माच खेळू या," आई म्हणाली.

"श्रावण आहे. मी मंगळागौरीचे खेळ खेळू?"

"खेळ कुठला? व्यायाम आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय, काहीही करा म्हणून."

"लोक काय म्हणतील?"

"दार लावून घेऊ की."

अक्का बराच वेळ दोरीचं टोक उलगडत बसली. मग म्हणाली, "सरी, चालेल. पण गाणं म्हणायचं नाही. गाणं म्हटलं की ते मंगळागौरीचं होतं."

गाण्यावाचून झिम्म्याला ताल कुठून येणार? तो प्रश्न तिनंच सोडवला, गणिताच्या बाईच ती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चार वाजता आईनं रस्त्याकडच्या खिडक्या ओढून घेतल्या, आणि आम्ही चौघी समोरासमोर उभ्या राहिलो, आई आणि अक्का, मी आणि शारदा. अक्का म्हणाली, "बाराचा. पाढा चढेल तसे हात चढवायचे. एके कमरेशी, दाहे डोक्यावर." आणि बाहेर पावसाची बुरबुर चालू असताना आमच्या मधल्या खोलीत बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस सुरू झालं. चोकाला गिरकी, पंचेला टाळी. पहिल्या दिवशी अक्काचा हात अठ्ठेचाळिसाला अडला.

आता ते आठवलं की हसू येतं. गाणं म्हटलं तर खेळ, पण पाढे म्हटले तर व्यायाम. हा हिशेब देवाच्या दरबारात कसा टिकला असता कोण जाणे. पण आमच्या घरात तो सगळ्यांना एका दमात पटला. अण्णा ऑफिसातून आले की जोडे काढता काढता विचारत, "आज कितीपर्यंत?" मी सांगे, "साठ." दोन दिवसांनी, "बहात्तर." मग अक्का भिंतीपाशी जाई, बोटं चढवी, आणि अण्णा निळी रेघ ओढत. रेघा आता एकमेकींवर पडत नव्हत्या. दुखत असेच. टाळी वर गेली की अक्का ओठ चावी. पण समोर आई असायची, आणि आईची टाळी दर वेळी अक्काच्या हाताच्या बोटभर वर थांबलेली असायची. आई अक्काहून बुटकी. ती टाचा उंच करून खेळायची हे मला फार उशिरा आठवलं.

बारा झाला की तेराचा, मग एकोणिसाचा. मन रमावं म्हणून दिडकी. एक दिडे दीड, बे दिडे तीन, तीन दिडे साडेचार. वर्गात मला दिडकी कधी येत नव्हती, त्या श्रावणात ती पायांत बसली. अजूनही कुणी दीडपट विचारली की माझा उजवा पाय जरासा हलतो. आणि अक्का हसायला लागली होती. मोठ्यानं नव्हे. गिरकी घेताना तिच्या लुगड्याचा ओचा फुलायचा आणि ती स्वतःशीच हसायची. मला ती तेव्हा फार आवडायची.

पण लाल रेघ दूरच होती. सत्ते चौऱ्याऐंशीला आम्ही पाच दिवस अडलो. नंतर शहाण्णव झालं. एकशे आठपर्यंत हात रडतकढत पोचला आणि पुढे हलेना. लाल रेघेला चार बोटं कमी होती. अक्का म्हणाली, "चार बोटं म्हणजे पहिली ओळच. तारीख आणि विषय." तिनं ते अगदी सहज म्हटलं, पण त्या रात्री ती जेवली नाही.

मंगळागौरीचा दिवस उजाडला. हॉलमध्ये देवी मांडली होती, पत्री, फुलं, समया. नलू हिरव्या शालूत. पंचवीसेक बायका आणि मुली. आल्यापासून मोठ्या काकू देवीजवळच्या पाटावर बसून सूचना करत होत्या. अक्का रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरात, पुरण वाटत, डाव्या हातानं. तिथून हॉल दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा तिचं पाऊल पाट्याशेजारी ताल धरत होतं. मला बघून ते थांबलं.

मग घोटाळा झाला तो माझ्यामुळे. नलूनं मला झिम्म्याला ओढलं. सगळ्यांनी गाणं धरलं, मीही धरलं, पण दोन आठवडे माझ्या हातांना दुसरंच वळण लागलेलं. दोन गिरक्या झाल्या आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "बारा पंचे साठ, बारा सक बहात्तर." आणि हात चढू लागले. मला कळलंच नाही. बायका हसून हसून बसल्या.

"हे कुठलं गं गाणं?" मोठ्या काकूंनी विचारलं.

मी शारदाकडे पाहिलं. शारदाला मात्र दार लावून घेण्याचं कारण कुणी नीट समजावलं नव्हतं. ती म्हणाली, "आम्ही अक्कांबरोबर रोज असाच झिम्मा खेळतो."

हॉलमधलं हसणं थांबलं. स्वयंपाकघरातला वरवंटाही थांबला. आईचं तोंड उतरलं. मी अक्काचा हात मोडला नव्हता, पण आता जे काही मोडणार होतं ते मी मोडलं होतं.

"इंदूला बोलवा," मोठ्या काकू म्हणाल्या. अक्काला नावानं हाक मारणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

अक्का आली. पुरणाचे हात पदराला लागणार नाहीत असे धरून, उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"झिम्मा खेळतेस?"

"व्यायाम करते, काकू. डॉक्टरांनी सांगितलाय. गाणं म्हणत नाही, पाढे म्हणते."

"वर कर बघू हात."

अक्कानं पंचवीस बायकांसमोर हात वर केला. कानाच्या थोडा वर गेला आणि थांबला. तिनं तो खाली घेतला नाही. आई पुढे झाली आणि म्हणाली, "काकू, बोलायचं ते मला बोला. मीच खेळायला लावलं. दसऱ्यानंतर फळ्यापर्यंत हात गेला नाही तर अक्कांची शाळा सुटेल." आईनं मोठ्या काकूंसमोर एवढं सलग बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मोठ्या काकू बराच वेळ समईची वात सारखी करत राहिल्या. त्यांना रीत मोडवत नव्हती आणि अक्काचा तो हात बघवत नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "देवीसमोर नको. मधल्या खोलीत करा काय करायचं ते. व्यायामाला कोण नको म्हणतंय?"

आई अक्काला घेऊन मधल्या खोलीत गेली. मागून मी गेले, शारदा आली. आम्ही हळू आवाजात बाराचा धरला. इकडे हॉलमध्ये गाणं पुन्हा सुरू झालं, पण ते काही रंगेना. थोड्या वेळानं दारातून नलू डोकावली. "मी येऊ? मला तेरापर्यंत येतात." नवी नवरी, तिला नको कोण म्हणणार? तिच्यामागून तिची नणंद आली. मग दोघी, मग चौघी. खोली भरली. कुणाला पाढा येत होता, कुणी नुसतीच टाळी देत होती, एक जण बारा सत्ते ब्याण्णव म्हणाली आणि अक्कानं गिरकी घेता घेता तिला सुधारलं. हॉलमधलं गाणं केव्हा बंद पडलं ते कुणाला कळलं नाही.

मग दारात मोठ्या काकू उभ्या दिसल्या. आम्ही सगळ्या थिजलो. त्यांच्या मागे रिकामा हॉल, समया, आणि फुलांत एकटी बसलेली गौर.

"अगं," त्या म्हणाल्या, "सगळ्या इथे आलात आणि देवी तिथे एकटी पडली. एकटं ठेवतात का तिला? चला, इकडेच या सगळ्या." मग अक्काकडे न बघता म्हणाल्या, "मास्तरणीशिवाय पाढे कोण म्हणणार? तूही चल."

अक्का हॉलमध्ये आली. एकोणीस वर्षांनी ती मंगळागौरीसमोर उभी राहिली. मधोमध आई आणि ती, भोवती आम्ही सगळ्या. बारा एके बारा पंचवीस गळ्यांतून निघालं तेव्हा खाली घरमालकांना काय वाटलं असेल देव जाणे. साठ झाले, बहात्तर झाले. शहाण्णवला अक्काचे डोळे मिटलेले होते. एकशे आठ. आणि मग सगळ्यांनी मिळून 'बारा दाहे एकशे वीस' म्हटलं आणि पन्नास हात वर गेले. त्यात एक तिचा होता. आई टाळी द्यायला विसरली. ती नुसती वर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का भिंतीपाशी गेली. तिची बोटं लाल रेघेवर पोचली आणि वर बोटभर गेली. अण्णा पेन्सिल घेऊन पुढे झाले तर ती म्हणाली, "मला दे." तिनं उजव्या हातात पेन्सिल घेतली आणि स्वतःची निळी रेघ स्वतः ओढली. ती जरा वाकडी आली. दसऱ्याच्या आधी घरमालकांनी घराला चुना दिला, तेव्हा अण्णांनी गड्याला सांगितलं, "तेवढी पट्टी सोड." आम्ही त्या घरात होतो तोवर ती पिवळट पट्टी तशीच होती. सुट्टीनंतर शाळेत अक्काच्या मागून मीही गेले. गुलमोहरापाशी तिची मान वर झाली.

मला वाटायचं, गोष्ट इथे संपली. पण पुढच्या वर्षी पुन्हा श्रावण आला. पहिल्या मंगळवारी चार वाजता मी खिडक्या ओढून घेतल्या, तर अक्का वह्या तपासत बसलेली. "हात बरा झाला की आता," ती म्हणाली, वहीतून मान वर न करता. "व्यायाम कशाला?" ती प्रामाणिक बाई. औषध संपलं की बाटली परत करणारी. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि अक्काजवळ बसली.

"अक्का," ती म्हणाली, "या पावसानं खांदा पुन्हा धरलाय का हो?"

अक्कानं तिच्याकडे पाहिलं. बाहेर बुरबुर चालू होती. अक्कानं हळूच वही मिटली, उजवा खांदा जरासा चोळला आणि म्हणाली, "स्वल्प धरलाय."

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, अक्काचा खांदा दर श्रावणात मंगळवारी धरायचा. वर्षाचे उरलेले दिवस तो अगदी ठणठणीत असे. घरात कुणी त्याबद्दल कधी काही बोललं नाही. मोठ्या काकूही विचारत, पण एवढंच, "इंदूचा खांदा धरला का? मग आमच्याकडे घेऊन या तिला."

आता अक्का नाही, आई नाही. त्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत. मी आणि रेवती रोज दुपारी तिच्या दोन मीटिंगांच्या मध्ये दहा मिनिटं समोरासमोर उभ्या राहतो. फोनमधल्या मुलीला आम्ही दुसऱ्याच दिवशी रजा दिली. रेवतीला बाराचा पाढा इंग्रजीत येत होता, मी तो मराठीत करून घेतला. पहिल्यांदा ती लाजली, आता गिरकी घेताना हसते. त्याआधी आमच्यात औषधं आणि भाजी याखेरीज फारसं बोलणं नव्हतं.

परवा माझा हात वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत सहज गेला. रेवतीनं ते पाहिलं. "अरे वा, आई, रिकव्हर झाला की तुमचा खांदा," ती म्हणाली. "मग आता बंद करू या का हे?"

मी डबा खाली ठेवला, खांदा चोळला.

"नको गं," मी म्हटलं. "स्वल्प धरलाय अजून."